लेकराला किती खेळणी पुरे? सतरंजीवरच्या मोजणीपासून कोठीतल्या पेटीपर्यंत

लहान मुलाला नेमकी किती खेळणी लागतात, हा प्रश्न बहुतेक घरांत खेळणी विकत घेताना पडत नाही. रात्री दिवा मालवल्यावर पाणी प्यायला उठावे आणि अनवाणी पायाखाली प्लास्टिकचा ठोकळा यावा, तेव्हा तो पडतो. आमच्या लातूरच्या दोन खोल्यांच्या घरात तो मुलगा तीन वर्षांचा झाला त्या आठवड्यात पडला. वाढदिवसाला आलेल्या खोक्यांमुळे दिवाण दिसेनासा झाला होता आणि ज्याच्यासाठी हे सगळे आले, तो मात्र स्वयंपाकघरात पोह्यांचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर पळी वाजवत बसला होता.

उत्तर आधीच सांगून टाकते. दोन ते चार वर्षांच्या मुलासमोर एका वेळी आठ ते दहा खेळणी असावीत आणि आणखी पंधराच्या आतबाहेर पेटीत बंद असावीत. म्हणजे घरात एकूण पंचवीसच्या वर जाण्याचे कारण नाही. हा आकडा कोणत्याही नियमपुस्तकातला नाही. आमच्या आणि ओळखीच्या चार-पाच घरांच्या अनुभवातून तो हाती आला आहे. मात्र घरातील खेळण्यांची एकूण संख्या ही दुय्यम बाब आहे. एका वेळी जमिनीवर किती आहेत आणि ती आवरायला किती वेळ लागतो, यावर सगळे अवलंबून आहे. तुमच्या घराचा आकडा तुम्हीच काढायचा आहे, आणि तो कसा काढावा हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : मोजणी

मूल झोपल्यावर सतरंजी अंथरावी आणि घरातील प्रत्येक खेळणे त्यावर आणून ठेवावे. दिवाणाखालचे, गाडीच्या डिकीतले, गच्चीवर उन्हात पडून भुरभुरीत झालेले, देव्हाऱ्यामागे गेलेले, सगळेच आणावे. आमच्याकडे ८३ नग निघाले. त्यांत चाके नसलेल्या सात मोटारी होत्या आणि कोणाच्या घरून आला हे कोणालाच आठवत नसलेला एक हत्ती होता.

मोजण्याचे काही नियम ठरवून घ्यावे लागतात, नाहीतर नवरा-बायकोत वाद होतो. ठोकळ्यांचा अख्खा डबा हा एक नग धरावा, कारण मूल तो एकत्रच वापरते. भातुकलीच्या भांड्यांचा संचही एकच धरावा. पण सुट्या मोटारी पाच असतील तर त्या पाच मोजाव्यात. मोडके खेळणेही मोजावे, कारण जागा तेही अडवतेच. गोष्टींची पुस्तके, कागद-खडू, सायकल आणि स्वयंपाकघरातील भांडी या मोजणीत धरू नयेत. पुस्तकांना वरची मर्यादा घालण्याची गरज मला वाटत नाही, सायकल एकच असते, आणि भांडी तर कामाचीच आहेत. या नियमाने आमचे ८३ नग ४६ वर आले.

दुसरी पायरी : पाच दिवस नुसते पाहणे

मोजणी झाली की लगेच टाकाटाकी सुरू करू नये. पाच दिवस काहीही न हलवता मुलाकडे लक्ष ठेवावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एवढेच लिहावे की कोणी हातात न देता मुलाने स्वतःहून काय उचलले आणि त्यात ते साधारण किती वेळ रमले. मिनिटांचा काटेकोर हिशोब नको. ‘भाजी निवडून होईपर्यंत’ किंवा ‘कुकरच्या दोन शिट्ट्या’ इतके पुरते.

आमच्या नोंदीत ४६ पैकी नऊच खेळण्यांची नावे आली. बाकीची मूल उचलत होते, पण टाकून पुढे जाण्यापुरतीच. ओतलेल्या टोपलीसमोर बसलेले मूल नीट पाहिले तर हे लगेच दिसते. ते एक वस्तू घेते, फिरवते, दुसरीकडे नजर जाते, पहिली सोडते, आणि पाच मिनिटांत सगळे पसरून ‘आई, काय करू?’ म्हणत पदराशी येते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो विद्यापीठात नेमके हेच तपासले गेले आणि तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळण्यांसह प्रत्येकी पंधरा मिनिटे खेळू दिले. चारच खेळणी समोर असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि तेच खेळणे त्यांनी अधिक निरनिराळ्या रीतींनी वापरून पाहिले. अभ्यास लहान आहे आणि खेळही पंधरा मिनिटांचाच आहे, त्यामुळे ‘चारच खेळणी ठेवा’ असा अर्थ त्यातून काढू नये. तरी आपल्या सतरंजीवर जे दिसते, त्याला त्याचा दुजोरा मिळतो.

या पाच दिवसांत खेळणे नसलेल्या वस्तूंचीही नोंद करावी, असे मी आग्रहाने सांगते. औसा तालुक्यातील आमच्या गावी, ओसरीवर, पुतण्या दोन वर्षांचा असताना जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. कांद्याचे पोते सोडलेले होते आणि शेजारी सासूबाईंची दुरडी होती. त्याने पोत्यातून एक कांदा दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला, चार पावले चालून दुरडीत टाकला आणि ‘एत’ म्हणाला. परत गेला, दुसरा आणला, ‘दोन’. तिसऱ्यालाही ‘दोन’च. एका कांद्याची साल सुटून हाताला चिकटली, ती त्याने थांबून, बोटे ताणून, शर्टाला पुसली आणि पुन्हा कामाला लागला. दुरडी भरल्यावर त्याने ती पालथी केली आणि कांदे पुन्हा पोत्यात नेऊ लागला. सासूबाईंचे तूर पाखडून झाले तरी त्याचे काम संपले नव्हते. उचलणे, तोल सांभाळणे, मोजणे, भरणे आणि रिकामे करणे हे सारे त्या पोत्यात होते, आणि कांदा तोंडात मावत नाही हा वर फायदा.

तिसरी पायरी : कामावरून वाटणी

आता ढीग पाडावेत, पण ते मोटारी, बाहुल्या, प्राणी असे पाडू नयेत. त्या खेळण्याने मूल कोणते काम करते, त्यावरून पाडावेत. मला पाच ढीग पुरले.

पहिला ढीग रचण्याचा आणि जोडण्याचा. यात ठोकळे, एकात एक बसणारे डबे, मोठ्या मण्यांची माळ येते. एकावर एक डेरे रचलेली उतरंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. बाजारात रंगीत पेल्यांचा मनोरा मिळतो, पण घरातले स्टीलचे तीन-चार चढत्या आकाराचे डबे झाकणांसह दिले तर काम तेच होते आणि वाजण्याचा आनंद वेगळा. या ढिगातली दोन-तीन खेळणी कायम बाहेर असावीत. मूल वाढते तसा त्यांचा उपयोग बदलतो. वर्षाचे मूल ठोकळे आपटते, दोन वर्षांचे रचते, चार वर्षांचे त्यांचाच गोठा बांधून त्यात पोळ्याचे मातीचे बैल बांधते. एका वस्तूने इतकी वर्षे साथ द्यावी, असे खेळणे दुसरे नाही.

दुसरा ढीग नकलेचा. यात बाहुली, भातुकली, छोटे पोळपाट-लाटणे, ट्रॅक्टर, बैलगाडी, खेळातला दूरध्वनी येतो. साधारण दीड वर्षानंतर मूल एका वस्तूला दुसरी वस्तू मानू लागते. पळी फोन होते, उशी बाळ होते. त्या वयापासून पाच-सहा वर्षांपर्यंत हा ढीग सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि इथे मी घरोघरी एकच चूक पाहते : मुलीला भातुकली आणि मुलाला ट्रॅक्टर. दोघांना दोन्ही द्यावे. भातुकली मांडून पाहुण्यांना वाढणारा मुलगा आणि ‘मी पेरायला निघाले’ म्हणून ट्रॅक्टर ढकलणारी मुलगी, दोघेही आपल्या घरात जे पाहतात तेच खेळत असतात. ज्वारीच्या धाटाची गाडी करून देणारे आजोबा घरात असतील तर दुकानातल्या गाडीची गरजच उरत नाही. ती आठवड्याने मोडते, पण पुन्हा होते, आणि ती होताना पाहणे हा खेळाचा अर्धा भाग असतो.

तिसरा ढीग अंगमेहनतीचा. चेंडू, ढकलायचा पांगुळगाडा, ओढायची गाडी, दोरी. दोन पुरेत, कारण एका वेळी पाय दोनच असतात. चौथा ढीग बोटांच्या बारीक कामाचा आणि विचाराचा : चित्रकोडी, आकार बसवायची पाटी, चिकणमाती. हाही दोनवर भागतो. कोडे सुटू लागले की पेटीत टाकून थोडे अवघड काढावे.

पाचवा ढीग कळ दाबली की गाणारे, दिवे लावणारे, स्वतः पळणारे. हाच ढीग बहुधा सर्वांत उंच निघतो आणि सर्वांत महागही असतो. यात काम खेळणे करते, मूल नुसते पाहते. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांचे बाळ आणि त्याचे पालक अशा २६ जोड्या पाहिल्या गेल्या. बोलणारी-वाजणारी विजेरी खेळणी हाती असताना पालक बाळाशी कमी बोलले. पुस्तके आणि साधी खेळणी असताना ते जास्त बोलले. खेळणेच बोलत असेल तर आई गप्प बसते, हे घरात कोणीही पडताळून पाहावे. या ढिगातले एक ठेवावे, दोन फार झाले. मी सगळे काढून टाका असे म्हणत नाही, कारण मामाने मुंबईहून आणलेली गाणारी रेल्वे काढून टाकली तर त्याचा हिशोब दिवाळीपर्यंत चालतो.

एक मोठी बाहुली किंवा वाकळेचा तुकडा असा असतो की त्यावाचून मूल झोपत नाही. तो कोणत्याही ढिगात धरू नये आणि पेटीत कधीच टाकू नये.

चौथी पायरी : वयाचा विचार

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाळण्यावर बांधलेले चिमणाळे, हातात मावणारा खुळखुळा आणि एखादे मऊ फडके याहून अधिक काही लागत नाही. त्याचे खरे खेळणे माणसाचा चेहरा असतो. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत पाच-सहा वस्तू पुरतात. याच काळात, साधारण आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास, झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही हे बाळाला उमगू लागते, म्हणून वाटी पालथी घालून खाली चमचा लपवण्याचा खेळ त्याला इतका आवडतो. एक ते दोन वर्षांत सहा ते आठ, दोन ते चार वर्षांत आठ ते दहा आणि चार ते सहा वर्षांत दहा-बारा, असा माझा अंदाज आहे. चार वर्षांनंतर आकडा वाढतो तो मुख्यतः संच वाढतात म्हणून. त्या वयात सागरगोटे, गोट्या, पत्ते, पटावरचे खेळ येतात आणि खेळायला दुसरे मूल लागते.

पाचवी पायरी : धोक्याची चाळणी

वाटणी झाल्यावर प्रत्येक खेळणे पुन्हा हातात घेऊन पाहावे. ही पायरी वगळू नये, आणि इथे शंका आली तर खेळणे बाहेर काढावे, मग ते कोणीही दिलेले असो.

तीन वर्षांखालील मुलाच्या घशात काय अडकू शकते हे ठरवण्यासाठी खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. नळीत पूर्ण मावणारी वस्तू त्या वयासाठी नाकारली जाते. घरी ती नळी नसते, पण दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, तेव्हा त्या नाण्याहून बोटभर मोठे नसलेले काहीही तीन वर्षांखालच्या हाती देऊ नये, इतका ढोबळ नियम चालतो. या नियमात गोटी, चिंचोका, सागरगोटा, बाहुलीचा बूट आणि मोटारीचे सुटलेले चाक असे सगळे सापडते. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला लेकराच्या डोक्यावरून ओतली जाणारी बोरे, हरभरे, गोळ्या आणि अलीकडे त्यात मिसळली जाणारी बारीक खेळणी हेही याच नियमात येते. सोहळा जरूर करावा, पण शेजारची लेकरे वेचून घेतात तेव्हा उत्सवमूर्तीच्या मुठीत काय उरले, ते मोठ्या माणसाने उघडून पाहावे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर लगेच उचलावा, तो घशाला चिकटून बसतो.

याहून गंभीर गोष्ट बटणासारख्या चपट्या सेलची. आमच्या घरातल्या एका वाजणाऱ्या बदकाचे झाकण स्क्रूचे नव्हते, नुसते खटक्याचे होते. ते उघडून सेल हातात घेतलेला मुलगा मला वेळेवर दिसला, नाहीतर हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ म्हणू नये, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. छोट्या पण ताकदवान लोहचुंबकांचेही तसेच आहे. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना धरतात. म्हणून स्क्रूने बंद न होणारे सेलचे खेळणे आमच्या घरात राहत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून खरा आहे की नाही ते पाहता येते. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे, त्यामुळे लाकडी बैलावर चिन्ह नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. तिथे आपले डोळे आणि बोटे वापरावीत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर रंग उतरतो का, फास निघते का, खिळ्याचे टोक लागते का, ते पाहावे. रंग उतरणारा मातीचा बैल पूजेला ठेवावा, चोखणाऱ्या बाळाला देऊ नये.

सहावी पायरी : समोर काय, पेटीत काय

चाळणीतून उरलेल्यांपैकी आठ ते दहा निवडावीत : रचण्याची दोन-तीन, नकलेची तीन, अंगमेहनतीची दोन, बोटांच्या कामाची एक-दोन, आणि वाजणारे असेल तर एक. ही मोठ्या टोपलीत भरू नयेत. टोपलीत तळाचे दिसत नाही, म्हणून मूल सगळी टोपली ओतते, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो. खालच्या फळीवर, जुन्या वाड्यात असाल तर देवळीत, एकेक वेगळे दिसेल असे मांडावे. फळीवर मावत नाही ते समोरचे नाही, इतका सोपा निकष त्यातून आपोआप मिळतो.

बाकीची खेळणी पत्र्याच्या पेटीत भरून कोठीत ठेवावीत. आता महत्त्वाचे काम म्हणजे पाळी. आठवडी बाजाराचा दिवस यासाठी आम्ही धरला, कारण तो विसरला जात नाही. बाजारातून भाजी आली की तीन खेळणी पेटीत जातात आणि तीन बाहेर येतात. सगळी एकदम बदलू नयेत, मूल बिथरते. ज्यात ते सध्या रंगलेले आहे त्याला हात लावू नये. दोन-तीन आठवडे पेटीत राहिलेले खेळणे बाहेर आले की मूल त्याकडे नव्या नजरेने पाहते, आणि बऱ्याचदा तोवर ते स्वतःही थोडे मोठे झालेले असल्याने त्याचा नवा उपयोग शोधते. एखादे खेळणे तीन पाळ्यांत बाहेर येऊनही फळीवरच राहिले, तर ते निरोपाच्या ढिगात टाकावे.

आकडा बरोबर आहे की नाही, हे संध्याकाळी कळते. कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत मूल आणि एक मोठे माणूस मिळून सगळे जागेवर ठेवू शकले, तर खेळणी पुरेशी आहेत. तेवढ्यात होत नसेल तर जास्त आहेत. तेव्हा मुलाला आळशी म्हणण्याआधी दोन खेळणी कमी करून पाहावीत. आमच्याकडे आधी बारा ठेवली होती. रोज रडारड होत होती. नऊ केल्यावर ती थांबली.

सातवी पायरी : दारातून येणारा ओघ

इथपर्यंतचे सारे आपल्या हातात असते. खरी कसोटी आहेराची. आपल्याकडे घेणे-देणे हे नात्याचे बोलणे असते, त्यामुळे ‘खेळणी आणू नका’ असे तोंडावर सांगितले तर समोरच्याला लेकराचा नव्हे, आपला अपमान वाटतो. सासूबाईंनी मला सरळ विचारले होते, ‘अगं, लेकराचा वाढदिवस, अन् आक्कानं काय घेऊनच यायचं नाही व्हय?’ मला उत्तर सुचले नाही. नंतर एक रीत सापडली. नको म्हणण्याऐवजी मागायचे. ‘आक्का, त्याला ठोकळे फार आवडतात, तुम्ही मोठा डबा आणाल का? बाकी काही नको.’ मागितलेली वस्तू आणणाऱ्यालाही बरे वाटते. दोघा-तिघांनी मिळून सायकल घ्यावी, असेही सुचवता येते. गोष्टींची पुस्तके, थंडीचा कोट, मळ्यात लावायला आंब्याचे रोप हेही लोक आनंदाने आणतात. तरी खोकी येतातच. ती सगळी त्या दिवशी उघडू नयेत. एक उघडून बाकीची पेटीत ठेवावी आणि पाळीने महिनाभरात काढावीत. देणारे घरी येणार असतील त्या दिवशी त्यांचे खेळणे फळीवर असावे, एवढे भान मात्र ठेवावे.

जत्रेचे गणित वेगळे आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की तुळजापूरची नवरात्र, पिपाण्या, भिंगऱ्या, डमरू आणि प्लास्टिकच्या बंदुका पाहून मूल हट्ट धरणारच. निघण्यापूर्वीच ‘एक घ्यायचे आणि तू निवडायचे’ असे ठरवावे, आधी सगळी दुकाने दाखवावीत आणि परतताना घ्यावे. निवडलेली वस्तू आपल्याला भिकार वाटली तरी बदलायला लावू नये. भिंगरी दोन दिवसांत मोडते. मोडू द्यावी. जत्रेचे खेळणे मोजणीत धरायचे नसते.

आजोळी आणि गावी जाताना पिशवीभर खेळणी नेऊ नयेत. तिथे तीन-चार कायमची ठेवून द्यावीत, ती तिथलीच राहतात आणि गेल्या गेल्या आठवतात. उरलेले काम ओसरी, माती, शेळीचे करडू आणि कांद्याचे पोते करते. तारा मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांनी कोसबाडला चालवलेल्या बालशिक्षणाच्या कामात शंख-शिंपले, बिया, पाने यांचाच साधन म्हणून उपयोग केला गेला. महागडी साधने परवडत नाहीत हे त्याचे एक कारण होते. मात्र मुलाच्या आसपास जे असते तेच त्याला कळते, हेही तितकेच खरे कारण होते.

आपल्या भागातली एक अडचण : पाणी आणि ऊन

बालसंगोपनावरचे लेख टबभर पाण्यात खेळू द्यायला सांगतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात ते वाचताना हसू येते. पण पाण्याचा खेळ मुलाला हवाच असतो आणि तो सोडण्याची गरज नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पातेलीभर, परातीत ठेवावे, दोन वाट्या आणि एक गाळणी द्यावी, आणि खेळ झाला की ते तुळशीला घालावे. परातीजवळून उठू नये, कारण लहान मूल बोटभर पाण्यातही बुडू शकते. टंचाईत परातीत बारीक वाळू किंवा कोरडी माती द्यावी. काम तेच होते.

केसाळ बाहुल्या आणि अस्वले मोजताना पाण्याचाच विचार करावा. त्यांच्यात धूळ साठते, त्या आठ-पंधरा दिवसांनी धुवाव्या लागतात, आणि नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या घरात आठ अस्वले धुणे कोणाला परवडणार? दोन ठेवावीत. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवर राहिलेले प्लास्टिक कडक होऊन फुटते आणि त्याची धार चाकूसारखी लागते, म्हणून उन्हाळ्यात बाहेरची खेळणी रोज आत घ्यावीत.

आठवी पायरी : दोन मुले असतील तर

आकडा दुप्पट होत नाही. ठोकळे, भातुकली, चेंडू हे दोघांत एकच राहते, फक्त ठोकळ्यांचे नग वाढवावेत. प्रत्येकाची दोन खेळणी मात्र स्वतःची असावीत, ज्यांना दुसऱ्याने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मोठ्याच्या बारीक तुकड्यांची खेळणी उंच फळीवर ठेवावीत आणि धाकटा झोपल्यावरच खाली काढावीत. तीन वर्षांखालची मुले एकमेकांशेजारी बसून आपापले खेळतात. ती एकत्र खेळत नाहीत म्हणून काळजी करू नये, आणि वाटून खेळण्याची सक्तीही करू नये.

नववी पायरी : निरोप

पूर्ण मोजणी वर्षातून दोनदा करावी. घटस्थापनेआधी घर धुऊन काढतो, अंथरुणे-पांघरुणे नदीला किंवा गच्चीवर नेतो, तेव्हा एकदा आणि पाडव्याच्या आवराआवरीत एकदा. सतरंजी तीच. निरोपाच्या ढिगाचे दोन भाग करावेत. तुटलेले, फुटलेले, सेल गंजलेले खेळणे कोणालाही देऊ नये. सेल काढून वेगळे टाकावेत आणि बाकीचे कचऱ्यात जाऊ द्यावे. चांगले, स्वच्छ धुतलेले, सगळे तुकडे असलेले खेळणे जवळच्या अंगणवाडीत द्यावे, मात्र आधी ताईंना काय हवे ते विचारावे. आमच्या अंगणवाडीच्या ताईंना गाणारी रेल्वे नको होती. ‘एक वाजायला लागली की तीस लेकरं तिच्याच मागं पळतात,’ असे त्या म्हणाल्या. त्यांनी ठोकळे मागितले.

मूल तीन वर्षांचे झाले की निरोपात त्याला सामील करावे, पण ‘काय द्यायचे?’ असे मोकळे विचारू नये, उत्तर ‘काहीच नाही’ असते. दोन खेळणी समोर ठेवून त्यांतले कोणते द्यायचे, एवढेच विचारावे. गेल्या पाडव्याला मुलाने एक मोटार आणि कोणाच्या घरून आला हे कोणालाच आठवत नसलेला तो हत्ती यांतून मोटार दिली. हत्ती अजून पेटीत आहे. तीन पाळ्यांत त्याला कोणी हात लावलेला नाही, पण त्याचा निकाल घटस्थापनेला लागेल.